होयबाची तिसरी मुलाखत

घरात तिला सगळे होयबा म्हणायचे, आणि त्यालाही तिने कधी 'नाही' म्हटलं नव्हतं.

म्हणजे असं बघा. भीती वाटली की तिच्या तोंडून आपोआप "हो" बाहेर पडायचं. शिंक येते ना, अगदी तस्सं. शाळेत बाईंनी विचारावं, "वही घरी राहिली का?" हो. "की गृहपाठ केलाच नाहीस?" हो. एकदा दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, "हाच दुखतोय ना?" हो. डॉक्टरांनी एक चांगला धडधाकट दात उपटून हातात ठेवला. दुखणारा अजून तोंडातच होता, आणि डॉक्टर हसून म्हणाले, "आता बरं वाटतंय ना?"

काय म्हणाली असेल, ते तुम्हीच सांगा.

बाकी पोरगी हुशार! लॅब टेक्निशियनच्या कोर्सला वर्गात दुसरी आली. कोर्समध्ये मुली एकमेकींच्या हातांवर सुई टोचायचा सराव करायच्या, तेव्हा हिच्यापुढे हात धरायला रांग लागायची. इतका हलका हात की टोचल्यावरही मुली विचारायच्या, "कधी टोचणार?" हातात सुई असली की वाघीण. समोर प्रश्न विचारणारं माणूस असलं की शेळी.

आणि मुलाखतीत सुई नसते, प्रश्नच असतात. पहिल्या मुलाखतीत त्यांनी विचारलं, "आमच्याकडचं हे मशीन चालवता येतं?" तिने म्हटलं, हो. ते मशीन तिने जन्मात पाहिलं नव्हतं. "मग चालू करून दाखवा," म्हणाले. तिने मोठ्या विश्वासाने एक बटण दाबलं आणि डोक्यावरचा पंखा बंद पडला. दुसऱ्या मुलाखतीत विचारलं, "ही नोकरी मनापासून हवीय, की आपलं सहज आलात?" हो. "हो म्हणजे काय?" हो. त्या गृहस्थांनी पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला आणि पुढच्या उमेदवाराला बोलावलं.

आता राहिली होती तिसरी. आणि तिसरीच्या मागे आत्या उभी होती.

आत्याचं कोपऱ्यावर ब्युटी पार्लर होतं आणि तिची काउंटरवरची मुलगी सोडून गेली होती. आत्या घरी आली, सोफ्यावर ऐसपैस बसली आणि म्हणाली, "हे बघ, तू रक्त काढणार, मी केस काढते. शेवटी लोक दोन्हीकडे सारखेच ओरडतात. ह्या वेळी नाही जमलं तर सोमवारपासून माझ्या काउंटरला. ठरलं?"

"हो," म्हणाली होयबा.

आई कपाळाला हात लावून आत गेली. शब्द दिला म्हणजे दिला! आत्याने तर दुसऱ्याच दिवशी तिच्यासाठी गुलाबी एप्रन शिवायलाही टाकला.

खरी गोष्ट ही, की होयबाला लॅबच हवी होती. नुसती नोकरी म्हणून नव्हे. कोर्सच्या पहिल्या महिन्यात तिने सूक्ष्मदर्शकाखाली स्वतःच्याच रक्ताचा थेंब पाहिला आणि तिला एकदम गंमत वाटली. ह्या थेंबाला कोणी दरडावलं, डोळे वटारले, तरी तो आपला आहे तेच सांगणार. घाबरून "हो" म्हणणार नाही. आपल्याला न जमणारी गोष्ट आपल्याच रक्ताला जमते, हे पाहून ती त्या थेंबाच्या प्रेमातच पडली. तेव्हापासून पांढरा कोट, रंगीत टोपणांच्या नळ्या आणि स्पिरिटचा वास सोडून तिला काही सुचायचं नाही. गुलाबी एप्रन तर तिला स्वप्नातसुद्धा नको होता.

तेव्हा मुलाखतीच्या आदल्या दिवशी तिच्या धाकट्या बहिणीने कंबर कसली. धाकटी नववीत होती आणि तिला जगातल्या कुठल्याच माणसाची भीती वाटत नव्हती, मुख्याध्यापिकांचीसुद्धा. तिने बाबांना आईचा चष्मा लावून टेबलामागे बसवलं आणि नियम जाहीर केला, "प्रत्येक 'हो'ला दहा उठाबशा. कळलं?"

"हो."

"दहा!"

होयबाने उठाबशा काढल्या. बाबा घसा खाकरून म्हणाले, "बसा. वाटेत काही त्रास नाही ना झाला?"

"हो."

"अगं, हो काय! त्रास झाला की नाही झाला?"

"हो."

"वीस!" धाकटी ओरडली. "ताई, सोपं आहे गं. ओठ मिटायचे, मनात विचार करायचा, मग तोंड उघडायचं. लोक असंच करतात. समजतंय का तुला?"

होयबाने ओठ मिटले. मनात विचार केला. डोळे गरगरा फिरवले. मग तोंड उघडलं आणि म्हणाली, "हो."

रात्री झोपताना तिच्या मांड्या इतक्या भरून आल्या होत्या की पलंगावर तिला ढकलून चढवावं लागलं.

सकाळी घशाखाली घास उतरेना. चहासुद्धा नाही. तशीच उपाशी ती लॅबमध्ये पोहोचली. चष्म्याच्या दुकानावर पहिला मजला, काचेचं दार, आत शिरलं की स्पिरिटचा वास. तिला वाटलं, आहा! घर आलं! लांबट कॉरिडॉरमध्ये लोखंडी दांडीवर जोडलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या, एका टोकाला कोणी बसलं की दुसऱ्या टोकाचा माणूस उचकी लागल्यासारखा उडायचा. काचेमागच्या रिसेप्शनिस्टने फोन मानेत धरला होता आणि ती येणाऱ्या प्रत्येकाला एकच वाक्य ऐकवत होती, "बसा तिथे, बोलावतील."

होयबा बसली. दुसऱ्या टोकाच्या काकू उडाल्या.

"हळू गं बाई!" काकू म्हणाल्या आणि पर्स छातीशी धरून सरकत सरकत तिच्या शेजारी आल्या. गोल चेहरा, घामाने डबडबलेला. "तुझी पहिलीच वेळ का?"

"तिसरी," होयबा पुटपुटली.

"अगं आई गं, इतक्या लहान वयात! मला बाई अजून सवय होत नाही. दर महिन्याला यावं लागतं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही."

"मलाही नाही."

"खाल्लंयस का काही?"

"पाणीसुद्धा नाही."

"मीही नाही. भूक म्हणजे अशी लागलीय! हे बघ." काकूंनी पर्स किलकिली केली. आत बिस्किटांचा पुडा झोपलेल्या बाळासारखा रुमालात गुंडाळून ठेवला होता. "रक्त दिलं की पहिलं काम हे. माझी साखर आहे ना, तिचा काही भरवसा नाही. आकडा चढला की डॉक्टर गोळी वाढवतात, उतरला की कमी करतात. मागे एकदा उगाच गोळी कमी झाली तर मी बाजारात भोपळा निवडता निवडता भोपळ्यावरच आडवी झाले. सगळा जीव त्या एका आकड्यावर बघ. पण सुई! नाव काढू नकोस, मी मुलाला सांगते, मला वाघापुढे उभं कर, पण..."

एवढ्यात निळा पडदा सरकला आणि आतून एक हात बाहेर आला. मागोमाग आवाज, "चला, पुढचं कोण?"

काकूंचा चेहरा खडूसारखा पांढरा झाला. त्यांनी होयबाच्या बरगडीत कोपर खुपसलं. "तू जा."

"मी?"

"जा गं, जा! मला काही घाई नाही. तुला बोलावतायत ना? तूच ना पुढची?"

आता ह्याला होयबा काय म्हणणार?

पडद्यामागे एक उंच काका उभे होते. ह्यांना कोपरकाका म्हणायला हवं, कारण वीस वर्षं रक्त काढून काढून त्यांना माणसं म्हणजे नुसती कोपरंच दिसायची, चेहऱ्याकडे ते ढुंकूनही बघायचे नाहीत. "बसा. हात द्या," ते कोपराला म्हणाले.

होयबा खुर्चीत बसली आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कोर्सच्या मॅडम नेहमी सांगायच्या, "चांगल्या लॅबमध्ये गेलात तर आधी तुम्हालाच खुर्चीत बसवतील. टोचून घेणाऱ्याला काय वाटतं हे ज्याला कळत नाही, त्याच्या हातात सुई कशाला द्यायची?" म्हणजे मुलाखत सुरू झाली होती! प्रात्यक्षिक आधी! तिला हायसं वाटलं. एकमेकींना टोचण्यात तर तिचं सगळं वर्ष गेलं होतं.

तिने ट्रेकडे नजर टाकली. नळ्यांवर लेबलं आधीच चिकटवलेली! कोर्समध्ये हा पहिला धडा होता. नळीवर लेबल रक्त घेतल्यानंतर लावायचं, त्या माणसासमोर, त्यालाच नाव विचारून. आधी लावून ठेवायचं नाही. म्हणजे काका मुद्दाम चुकतायत, ती मनात म्हणाली. सापळा लावलाय. माझं लक्ष आहे का बघतायत. चलाख आहेत!

ती काकांकडे बघून गालातल्या गालात हसली.

"काय झालं?" काकांनी कोपराला विचारलं. मग कागद उचलून त्यावरचं नाव एका दमात खडाखडा वाचलं आणि म्हणाले, "तुम्हीच ना?"

हा तर दुसरा सापळा! माणसाला 'तुम्ही अमुकच ना' असं विचारायचंच नसतं. त्याला म्हणायचं, 'तुमचं नाव सांगा.' कारण बावरलेला माणूस कशालाही मान डोलावतो. होयबाला हे सगळं तोंडपाठ होतं. ते पाठ असल्याचा तिला इतका आनंद झाला की काकांनी नेमकं कोणतं नाव वाचलं ते तिने ऐकलंच नाही.

"हो," ती म्हणाली.

"उपाशी?"

"हो."

"साखर नेहमीचीच?"

"हो."

दंडाला रबरी पट्टा, स्पिरिटचा गार बोळा, आणि टच्. हात मात्र सोन्यासारखा होता हो काकांचा! मुंगी चावावी आणि सॉरी म्हणून निघून जावी, तसा. नळ्या भरल्या, कापूस लागला. मग काकांनी तिच्या हातात प्लॅस्टिकची डबी दिली. "ही लघवीसाठी. त्या दाराने. सावकाश होऊ द्या."

घशात पाण्याचा थेंब नव्हता, डबीत कुठून येणार? ती रिकामी डबी मुठीत धरून बाहेर आली, तोच रिसेप्शनिस्ट म्हणाली, "अहो, मुलाखतीला आलेल्या तुम्हीच ना? कधीच्या बोलावतायत मोठ्या मॅडम. जा आत!"

होयबा लगबगीने निघाली. मागून रिसेप्शनिस्टचा आवाज आला, "काकू, तुम्ही अजून इथेच? तुमचं झालंय की. नळ्या पुढे गेल्यासुद्धा."

"झालं?" काकूंचा आवाज. मग एकदम मधाळ, "झालंच म्हणायचं! येते हं मी!" आणि जिन्यावर धप धप धप.

काकूंचं इतक्यात कसं झालं बुवा, होयबाच्या मनात आलं. पण तोवर ती दारात पोहोचली होती आणि आतून "या" असं ऐकू आलं होतं.

मोठ्या मॅडम म्हणजे लॅबच्या प्रमुख डॉक्टर. पांढरे आखूड केस, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, आणि चष्म्यावरून बघणारे डोळे असे की समोरच्याचं हिमोग्लोबिन नुसतं बघून सांगतील. होयबा बसली. डबी मांडीवर टेबलाखाली लपवली. आणि गंमत म्हणजे, तिला भीतीच वाटेना! एकदा टोचून झाल्यावर कसली भीती? तिच्या मते परीक्षेचा अवघड पेपर झाला होता, आता नुसती तोंडी राहिली होती.

"रक्त घेतल्यावर नळी हलवायची ना?" मॅडमनी विचारलं.

ओठ मिटले. मनात विचार केला. मांड्यांनी कालच्या उठाबशांची आठवण करून दिली. "हलवायची नाही मॅडम, अलगद उलटसुलट करायची. घुसळली तर पेशी फुटतात. मी घरी सॉसची बाटलीसुद्धा तशीच करते. आई फार चिडते, सॉस काही केल्या बाहेर येत नाही."

मॅडमच्या ओठांचा एक कोपरा किंचित हलला. "रक्त बघून पेशंटला चक्कर आली तर?"

"आधी सुई काढायची, मग पेशंटला आडवं करायचं. आणि आपल्याला येऊ द्यायची नाही."

आता दुसराही कोपरा हलला. मॅडम पुढे विचारत गेल्या आणि होयबा सांगत गेली. स्वतःचाच आवाज ऐकून तिला वाटलं, कोण आहे ही मुलगी? फारच छान बोलते!

"शेवटचं विचारते," मॅडम म्हणाल्या. "लॅबमधली सगळ्यात मोठी चूक कुठली?"

"एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर जाणं," होयबा म्हणाली. बोलता बोलता तिची बोटं मांडीवरची डबी गोल गोल फिरवत होती. "मशीन बिघडलं तर कळतं. नळी फुटली तर दिसते. ही चूक दिसतच नाही मॅडम. रिपोर्ट छान छापून येतो, डॉक्टर त्यावर औषध देतात. रक्त कधी खोटं बोलत नाही, पण लेबल..."

तिची नजर सहज खाली गेली. डबीवर लेबल होतं. लेबलावर नाव होतं. ते तिचं नव्हतं. नावापुढे छापलं होतं: स्त्री, वय बावन्न.

होयबा होती एकवीस वर्षांची.

"...लेबल बोलू शकतं," तिने वाक्य कसंबसं संपवलं.

"वा!" मॅडम खुर्चीत मागे रेलल्या. "इतकं चांगलं उत्तर ह्या टेबलावर बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं. मला तुम्ही पसंत आहात. सोमवारपासून येता येईल?"

बघा हं आता काय झालं. 'हो' जिभेच्या शेंड्यावर येऊन उभा होता, केस विंचरून, पावडर लावून. जन्मभर नको तिथे पुढे पुढे करणारा तो शब्द, आज पहिल्यांदा अगदी योग्य जागी! नुसतं तोंड उघडायचा अवकाश, की गुलाबी एप्रन गेला खड्ड्यात.

डबीचं काय, पर्समध्ये टाकता आली असती. कोणाला कळणार होतं? कोपरकाकांनी चेहरा पाहिलाच नव्हता. काकूंना सुई चुकल्याचा एवढा आनंद झाला होता की त्या सात जन्मांत तक्रार करणार नव्हत्या. आणि हे सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की सगळ्यात मोठी चूक कुठली ते मला माहीत आहे, कारण मी ती आत्ताच पलीकडच्या खोलीत करून आले?

पण मशीनमध्ये तिचं रक्त गरगर फिरत होतं, आणि काकूंच्या नावाने खरं खरं बोलणार होतं. एकवीस वर्षांच्या मुलीची साखर. सुंदर आकडा येणार होता. डॉक्टर म्हणणार, वा काकू, गोळ्या बंद! आणि काकू पुन्हा कुठल्यातरी भोपळ्यावर आडव्या होणार.

"नाही," होयबा म्हणाली.

तिला वाटलं, खोलीत आणखी कोणीतरी आहे. तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं.

"नाही?" मॅडमच्या भुवया चष्म्याच्या वर गेल्या. "येता येणार नाही?"

"नाही, म्हणजे येता येईल, पण नाही! मॅडम, आत नळ्यांमध्ये मी आहे, पण नावाने मी नाही! ही मी नाही!" तिने लघवीची डबी धाडकन टेबलावर ठेवली. मॅडम खुर्चीसकट एक फूट मागे गेल्या. "रिकामी आहे, घाबरू नका! ते मशीन थांबवा, आणि बिस्किटं... अरे देवा, बिस्किटं!"

ती दाराबाहेर होतीसुद्धा. काकूंनी एक बिस्कीट जरी खाल्लं तरी उपाशीपोटीचं रक्त आज मिळणार नव्हतं, आणि आज सुटलेल्या काकू पुन्हा ह्या जिन्याची पायरी चढणार नव्हत्या. कॉरिडॉरमधून ती धावली, मागून मॅडम, "अहो! अहो, थांबा!" आणि पडद्यातून डोकं काढून कोपरकाका, "ते कोपर कुठे चाललंय?"

भरलेल्या मांड्यांनी जिना उतरणं काय असतं ते ज्याने उठाबशा काढल्यात त्यालाच विचारा. प्रत्येक पायरीला "आई गं" म्हणत ती खाली आली. चष्म्याच्या दुकानासमोर बाक होता. बाकावर काकू बसल्या होत्या, डोळे मिटून, चेहऱ्यावर परम शांती. पुडा फोडलेला. बिस्कीट ओठांपासून चार बोटं लांब.

"खाऊ नका!"

काकूंनी डोळे उघडले. बिस्कीट हवेत राहिलं. "का गं? विषारी आहे?"

"तुमचं रक्त घ्यायचंय!"

"छे! माझं झालं. तिने काचेतून सांगितलं."

"काकू, ते माझं रक्त आहे. तुमच्या नावाने गेलंय. मी पेशंट नाही, मी नोकरीसाठी आले होते."

काकूंनी क्षणभर विचार केला. मग तिला जवळ ओढून हळूच म्हणाल्या, "मग बिघडलं कुठे? तुझं रक्त तरुण आहे, चांगलं आहे. रिपोर्ट छान येईल. मुलगा खूश, डॉक्टर खूश. तू पण कोणाला बोलू नकोस. बोलणार नाहीस ना?"

"नाही," म्हणाली होयबा, आणि लगेच जीभ चावली. "म्हणजे बोलणार! बोलले! मॅडमना सांगून आलेय. काकू, माझ्या साखरेने तुमच्या गोळ्या बंद झाल्या तर? भोपळा आठवा!"

काकूंना भोपळा आठवला. बिस्कीट खाली आलं. पण डोळ्यांत पाणी तरारलं. "अगं, पण सुई..."

"मी टोचते. मी तुम्हाला 'कळणारसुद्धा नाही' असं खोटं सांगणार नाही. कळेल. पण बिस्कीट चावायला लागतो त्याहून कमी वेळ कळेल."

काकूंनी बिस्किटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तूच टोचायचं हं. नाहीतर मी आत्ता खाते," त्यांनी धमकी दिली.

होयबाने वर पाहिलं. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर मोठ्या मॅडम हाताची घडी घालून उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. "तुमचं प्रमाणपत्र मी बघितलंय," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी शेजारी उभी राहते. घ्या रक्त."

निळ्या पडद्यामागे आता चौघांची गर्दी झाली. कोपरकाका भिंतीला टेकून उभे होते, चेहरा उतरलेला. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच काकूंचं तोंड नीट पाहिलं आणि हळूच म्हणाले, "अरेच्चा, ह्या होय!" होयबाने हातमोजे चढवले. कोऱ्या नळ्या घेतल्या, लेबलं बाजूला ठेवली.

"तुमचं नाव सांगा."

"अगं, मघापासून शेजारी बसलोय आपण! खालून हाताला धरून आणलंस मला!"

"नाव सांगा काकू."

काकूंनी नाव सांगितलं. पूर्ण, नवऱ्याच्या नावासकट.

"वय?"

"शेहेचाळीस."

होयबाने सुई खाली ठेवली. "काकू, कागदाशी जुळत नाही. मला थांबावं लागेल."

"बरं, अठ्ठेचाळीस धर."

"काकू."

"लोक ऐकतायत गं!" काकू कुजबुजल्या. मग कोपरकाकांकडे रागाने बघून म्हणाल्या, "बावन्न! लावा आता पेपरात! आणि टोच बाई एकदाची, कधी टोचणार आहेस?"

"झालं," होयबा म्हणाली. तिसरी नळी भरत आली होती.

काकूंनी खाली पाहिलं, वर पाहिलं, आणि एक कचकचीत शिवी दिली, ती आनंदाची होती. मग तिथेच बसून त्यांनी चार बिस्किटं खाल्ली आणि एक कोपरकाकांनाही दिलं, कारण खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त चक्कर त्यांनाच येत होती.

"तुम्ही," मॅडम त्यांना म्हणाल्या, "महिनाभर काचेपाशी बसायचं. येणाऱ्या प्रत्येकाला नाव विचारायचं. तोंडाकडे बघून."

"बघतो मॅडम," कोपरकाका मान खाली घालून म्हणाले. मग मान वर करून, मॅडमच्या तोंडाकडे बघून पुन्हा म्हणाले, "बघतो."

"आणि तुम्ही." मॅडम होयबाकडे वळल्या. "पेशंटच्या खुर्चीत जाऊन बसलात, दुसरीचं नाव वाचलं तर हो म्हणालात. हे मी विसरणार नाही. पण सांगायला तुम्हाला कोणी भाग पाडलं नव्हतं, तेही विसरणार नाही. सोमवारी या." त्यांनी टेबलावरचा ट्रे जवळ ओढला. त्यात मशीनमधून परत आणलेल्या होयबाच्या रक्ताच्या नळ्या होत्या, काकूंच्या नावाच्या. "नवीन माणसाची रक्ततपासणी करावीच लागते आमच्याकडे. तुमचं रक्त आयतंच काढून ठेवलंय. फक्त लेबल बदलायचं, तुमचं लावायचं. रक्त तुमचंच आहे, आपल्या सगळ्यांना माहीत आहे. चालेल ना?"

मॅडम विचारत होत्या. चष्म्यावरून बघत होत्या. नोकरी आत्ता कुठे हातात आली होती, अजून ओली होती. तो लाडका शब्द उडी मारून जिभेवर आलाही.

होयबाने ओठ मिटले.

"नाही चालणार मॅडम," ती म्हणाली. "लेबल चुकलं की नमुना फेकायचा आणि परत घ्यायचा." आणि तिने दुसरी बाही वर केली.

मॅडम इतक्या मोठ्याने हसल्या की रिसेप्शनिस्टच्या मानेतला फोन पडला. कोपरकाका पुढे आले. त्यांनी कोपराकडे पाहिलं, मग प्रयत्नपूर्वक मान वर केली, अवघडलेल्या माणसासारखी, आणि थेट तिच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "बाळा, नाव सांग."

आणि होयबाने आपलं नाव सांगितलं. खणखणीत. रस्त्यापलीकडे ऐकू जावं असं.

घरी सगळे दारातच उभे होते. आई, बाबा, धाकटी, आणि त्यांच्या मागे गुलाबी एप्रन हातावर टाकून आत्या. होयबा दोन्ही कोपरांना कापूस लावून, हात वाकडे धरून, खेकड्यासारखी चालत आली.

"अगं बाई, मारलं का काय तिला?" आत्या किंचाळली.

"ते राहू दे!" आई पुढे झाली. "मिळाली का गं?"

होयबाने ओठ मिटले. मनात विचार केला. सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं.

"हो!"

आई रडायला लागली, बाबा हसायला लागले, आत्याने एप्रनची घडी घालून तो आईच्या खांद्यावर टाकला, म्हणाली, "वहिनी, तुम्ही येता का मग?" आणि धाकटीने दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"दहा," ती म्हणाली.

आणि दारातच, भरल्या मांड्यांनी, दोन कापूस लावलेल्या हातांनी कान धरून, लॅबच्या नव्या टेक्निशियनबाई हसत हसत उठाबशा काढू लागल्या.